माझ्या आठ भागीदारांना खुले पत्र: दिवाळीनंतर जेसीबी नको

मेट्रन मॅडम, लॅबवाले भाऊ, एक्स-रेवाले दादा, वहिनी आणि आपल्या शिवाराचे सगळे मालक, नमस्कार.

रविवारी तर्री-पोह्यांवर बैठक झाली आणि ठरलं की दिवाळी आटोपली की जेसीबी बोलवायचा. रिटायरमेंटनंतरच्या घरांसाठी आपण नऊ जणांनी मिळून घेतलेल्या अकरा एकर झाडीतली उरलेली नऊ एकर एकदाची साफ करून घ्यायची आणि मग ज्याने त्याने आपापल्या वाट्यावर खुंट्या ठोकायच्या. मी त्या बैठकीत गप्प बसले. नाइट करून आले होते, डोळे मिटत होते, हे खरं. भांडण नको म्हणूनही गप्प बसले, हेही खरं. घरी येऊन झोपले, उठले आणि ठरवलं की हे लिहूनच काढायचं. ग्रुपवर टाकलं असतं तर चार शुभ सकाळ आणि एका आरतीखाली दबलं असतं. शिवाय काटोल रोड म्हणा, उमरेड रोड म्हणा, जबलपूर रोड म्हणा, पन्नाशी ओलांडलेले अर्धे नागपूरकर सध्या रिटायरमेंटसाठी झाडीची जमीन शोधत फिरताहेत. त्यांच्याही कामी येईल म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. कोंढाळीच्या पलीकडे, हायवे सोडून सात किलोमीटर आत, एवढं पुरे. नाव कळलं की पुढच्या रविवारी तिथे प्लॉटवाल्यांचा मंडप पडेल.

आधी मुद्द्याचं सांगते. आपला सातबारा अजून सामायिक आहे. नऊ नावं, एकच गट, हिस्से पडलेले नाहीत. त्यामुळे कुणाचं झाड आणि कुणाची पडीक हे आज कोणीच सांगू शकत नाही, आणि नवव्या नावाची संमती नसताना यंत्र आत घालता येणार नाही. ते नववं नाव माझं आहे. माझी संमती नाही.

आता चिडण्याआधी पुढचं वाचा.

मे महिन्यात आपण दोन एकर साफ केली. तेव्हा मीही हो म्हटलं होतं, आणि झाल्यावर सगळ्यांत जास्त फोटो मीच काढले होते. झुडपं गेली आणि जमीन एकदम मोठी वाटायला लागली. पार खालच्या नाल्यापर्यंत नजर जात होती. माझ्या मिस्टरांनी तर पायांनी मोजून हॉल, किचन, वऱ्हांडा सगळं आखून टाकलं. जुलैत झड लागली. आठवडाभराने पाऊस जरा उघडल्यावर आम्ही दोघं गेलो, तर वऱ्हांड्याच्या जागी घळ. मी तिच्यात उतरले, माझ्या गुडघ्याला लागली. तळाशी पिवळट मुरूम उघडा पडलेला, आणि काठावर जेसीबीच्या दातांचे ओरखडे अजून दिसत होते. त्या उतारावर काळी माती किती आहे हे तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. आपण समजत होतो पुरुषभर. निघाली वीतभर. खाली मुरूम, आणि त्याखाली काळा पाषाण.

ती वीतभर माती गेली कुठे, हे खालच्या धुऱ्याच्या, म्हणजे हद्दीच्या बांधापलीकडच्या, शेतकऱ्याने सांगितलं. त्याने तिथे संत्र्याची नवी कलमं लावली आहेत. ती बुंध्यापर्यंत गाळात. बिचारा ओरडला नाही. म्हणाला, "ताई, तुमची जमीन माह्या वावरात आली जी. घेऊन जा."

मला तीन दिवस जेवण गोड लागलं नाही. दादा, तुम्ही बैठकीत म्हणालात की पुढच्या वेळी उतारावर बांध घालू. बांध घालायचाच तर आधी घालायचा असतो ना? पाणलोटाची कामं करणारे लोक 'माथा ते पायथा' म्हणतात, म्हणजे वरून सुरुवात करून पाणी अडवत खाली यायचं. आपण पायथ्यापासून उघडं करत वर निघालो आहोत. आणि साफ केलेल्या जागेवर आज काय आहे? तरोटा, गाजरगवत आणि कमरेइतकी रायमुनिया, म्हणजे घाणेरी. पूर्वी तिथे पळस होते, दोन तेंदू होते, धावडा होता. रायमुनियासाठी आपणच अंथरूण घातलं.

हिशेब सोपा आहे, मीही वहीत करूनच पाहिला. नागपूरकडे वर्षाला सरासरी 1,100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. एका एकरावर ते पाणी 44 लाख लिटर होतं. म्हणजे अकरा एकरांवर जवळपास पाच कोटी लिटर पाणी वर्षाला येतं, आणि आपण तीन बैठका बोअर किती फूट मारायचा यावर घालवल्या. आपल्याकडच्या या पाषाणात पाणी सलग नसतं. वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांमध्ये जे मुरेल तेवढंच. भेग लागली तर लागली, नाहीतर 300 फुटांवरही धूळच निघते. संत्र्याच्या पट्ट्यात बोअर कसे खोल खोल जात राहिले हे काटोल-नरखेडच्या कुणालाही विचारा. माझ्या माहेरी दोन विहिरी आणि चार बोअर आहेत, त्यातले तीन बोअर आता दगड टाकून खोली मोजायच्या कामाचे उरले आहेत. आपल्या नऊ घरांना पाणी लागायचं असेल तर ते आधी याच झाडीखाली मुरायला हवं.

दुसरी गोष्ट धुऱ्याची. ही मी बैठकीत बोलायला हवी होती. आपल्या उत्तरेच्या धुऱ्याला लागून जो तुकडा आहे तो नोंदीला 'झुडपी जंगल' आहे. एक्स-रेवाले दादा त्याला 'तसंच पडीक सरकारी' म्हणतात. तसं नाही. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दप्तरातून आलेला हा शब्द आहे आणि पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अशी 86 हजार हेक्टरांहून जास्त जमीन आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी निकाल दिला की स्वतःच्याच 12 डिसेंबर 1996 च्या आदेशानुसार ही जमीन वनच समजायची. आता सांगा, मे महिन्यात आपला जेसीबीवाला वळायला जागा नाही म्हणून धुरा ओलांडून पलीकडे गेला होता की नाही? मी पाहिलंय. वीसेक फूट आत गेला, दोन बोरी आणि एक पळस आडवा केला आणि "काई होत नाई मॅडम" म्हणाला. त्याला काही होणार नाही. सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही.

आपल्या स्वतःच्या जमिनीवरही 'आपलंच झाड' म्हणून चालत नाही. 1964 चा वृक्षतोड कायदा आहे, त्याच्या यादीत सोळा झाडं आहेत. त्यात साग आहे, मोह आहे, ऐन, बिजा, हलदू, तिवस, खैर आहे, आंबा, चिंच, जांभूळसुद्धा आहे. मालकीच्या जमिनीतली असली तरी ही तोडायला आधी परवानगी लागते. आपल्या नऊ एकरांत निम्म्याहून जास्त झाडं या यादीतली निघतील. जेसीबीचा बकेट यादी वाचत नाही. आणि अजून मोजणीच झालेली नाही! पैसे भरले, तारीख दोनदा पुढे गेली, मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हातात नाही. मोजणीआधी साफसफाई म्हणजे ऑपरेशनआधी एक्स-रे न काढण्यासारखं आहे, आणि हे एक्स-रेवाल्या दादांना मी सांगावं?

आता मोहाबद्दल, कारण बैठकीत हसण्यावारी गेलेला विषय तोच होता. वरच्या अंगाला जो मोठा मोह आहे तो 'व्ह्यू अडवतो' असं ठरलं. व्ह्यू कसला, तर समोरच्या टेकडीचा. तुम्ही सगळे जमीन बघायला सप्टेंबरात आला होता, तेव्हा सगळंच हिरवं होतं. मी मे महिन्यात, ऐन नवतपात, दुपारी दोन वाजता तिथे बसून आले आहे. सागाचं बन तेव्हा नुसत्या काठ्यांचं असतं. पान नाही, सावली नाही, खाली वाळलेला पाचोळा आणि वर आग. ज्या सागाच्या भरवशावर आपण 'थंडगार जंगलातलं घर' म्हणतो, तो ऐन उन्हाळ्यात उघडा उभा असतो. तेव्हा सावली कोण देतं? मोह. फुलं गळून गेली की एप्रिल-मे मध्ये त्याला तांबूस नवी पालवी येते आणि महिनाभरात तो गच्च होतो. करंज तसाच, कडुनिंब तसाच, जांभूळ तर पान टाकतच नाही म्हणा. नागपूरने 23 मे 2013 ला 47.9 अंश पाहिलेत. अशा गावात सत्तरीतल्या माणसाने पश्चिमेची भिंत मोहाच्या सावलीत ठेवायची की टेकडी बघत भाजून निघायचं? मी साफ केलेल्या दोन एकरांत चप्पल काढून पाय टेकवून पाहिला, टेकवता आला नाही. मोहाखाली त्याच वेळी एक कुत्रं निवांत झोपलं होतं. जागा कुठली चांगली हे त्याला कळत होतं.

त्या मोहाखाली मार्चमध्ये पहाटे एक म्हातारी येते. तुमच्यातल्या कोणी तिला पाहिलेलं नाही, कारण तुमच्यातलं कोणी तिथे पहाटे गेलेलं नाही. मी आदल्या रात्री गावात एका ओळखीच्या आशाताईकडे मुक्कामाला होते, म्हणून दिसली. कमरेला ओटी, हातात टोपली, एक एक फूल उचलत होती. फुलं मेणासारखी, ओली, वास असा की डोकं जड व्हावं. मला बघून आधी दचकली, मग म्हणाली, "मोहाले हात नोका लावू बाई. माही सासू याच्याच खाली वेचे." फुलं दिसावीत म्हणून ती खालचा पाचोळा पेटवते. अशीच आग भडकून वणवे लागतात, मला माहीत आहे. वनखातं 15 फेब्रुवारी ते 15 जून वणव्याचा हंगाम धरतं तो काही उगाच नाही. पण मी तिच्याशी भांडले नाही. म्हटलं, आजी, पुढल्या साली पाचोळा आम्ही खराट्याने झाडून देऊ, तुम्ही काडी लावू नका. कबूल झाली. तुम्ही त्या झाडाला तार-कुंपण घालून बंद केलंत तर काडी कोण कुठून टाकेल यावर आपला काही इलाज नाही. नऊ म्हातारी माणसं गावापासून लांब राहणार, आणि गावाशी पहिली ओळख कुंपणाने करून देणार?

आता माझ्या धंद्याचं बोलू द्या. तेहतीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, त्यातली अकरा ऑर्थोमध्ये. आपण सगळे या घराचं स्वप्न आजच्या गुडघ्यांनी बघतो आहोत. मेट्रन मॅडम, तुम्ही दगडी पायऱ्या चढून जायचा वऱ्हांडा सांगितलात. खुब्याचं हाड मोडून आलेले किती पेशंट आपण दोघींनी उलटे-सुलटे केले? बहुतेक घरात पडलेले, त्यातही न्हाणीघरात. घर एकमजली हवं, उंबरठा नको, संडास खोलीला लागून हवा, दार तीन फुटांचं हवं म्हणजे व्हीलचेअर जाते, आणि पायऱ्यांऐवजी उतरण हवी, एक फूट चढायला बारा फूट लांब. अशी उतरण करायला सपाटीची जागा हवी. ती जागा आपल्या शिवारात आहे, पण खालच्या टेकाडावर आहे, जिथे कुणालाच वाटा नको आहे कारण 'तिथून काही दिसत नाही'.

आणि रस्ता. 108 ची गाडी 2014 पासून आहे, फोन केला की येते. हायवेपर्यंत नक्की येईल. पुढचे सात किलोमीटर डांबर आहे, तेही चालेल. शेवटची सहाशे मीटर पांदण आहे, काळ्या मातीची. ऑगस्टमध्ये तिथे आमची दुचाकी चेनपर्यंत रुतली आणि आम्ही दोघांनी ती अक्षरशः उचलून बाहेर काढली. छातीत दुखायला लागल्यावर कोण कुणाला उचलणार? माझा यंत्राला विरोध नाही, हे म्हणूनच सांगते. जेसीबी पांदणीवर आणा. दोन्ही बाजूंनी नाल्या काढा, मुरूम-गिट्टी घाला, मध्ये गाडी वळायला एक जागा करा. त्या कामाचा माझा हिस्सा मी आगाऊ देते, उद्या मागा.

झाडी हवी म्हणते म्हणजे मला जंगलात झोपायची हौस आहे असं समजू नका. घराभोवती तीसेक फूट अंगणासारखं लख्ख हवं, गवत कापलेलं, लाकडाचा ढीग लांब. 2018 च्या पावसाळ्यात स्क्रब टायफसचे पेशंट विदर्भात कसे एकामागून एक आले ते आपण विसरलो नाही. साधा ताप म्हणून आलेले, आणि काखेत किंवा कमरेला सिगारेटने भाजल्यासारखा काळा डाग. गवताझुडपातल्या बारीक किड्याने हे होतं. साप तर आहेतच. नाग, घोणस, फुरसे चावल्याचं कळतं तरी, मण्यार रात्री अंथरुणात चावते आणि सकाळपर्यंत दुखतही नाही. पण साप उंदरांमागे येतो आणि उंदीर ढिगात राहतो. जेसीबीने मे महिन्यात झुडपांचे, मातीचे, मुळांचे जे सहा ढीग करून ठेवले आहेत ते आजही तसेच पडलेत. परवा त्यातल्या एकावर मी कात पाहिली, माझ्या हाताएवढी लांब. म्हणजे साफसफाईने आपण नेमकी कुणाची सोय केली?

माझं म्हणणं एवढंच की पुढच्या दिवाळीपर्यंत एक अख्खं वर्ष जमिनीला द्या. तिन्ही ऋतूंत तिच्यावर चाला. मोजणी होऊ द्या, धुऱ्यावर दगड रोवू द्या. रायमुनिया हातानेच काढू, आत्ता माती ओली आहे, कुदळीने मुळाच्या गड्ड्यासकट निघते. गावातल्या आठ-दहा बाया रोजीने यायला तयार आहेत, मी विचारून आले. जेसीबीला जे भाडं देणार होतो त्यात पंधरा दिवस काम होतं. माळावर समपातळीत चर खोदू. त्यालाही फार शिक्षण लागत नाही. दोन बांबू, एक आडवी काठी आणि मधोमध दोरीला टांगलेला दगड, एवढ्या अवजारावर समपातळी निघते. आशाताईंचा नवरा ती काढायला रोजगार हमीच्या कामावर शिकला आहे. जानेवारीत धुऱ्याच्या आतून जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा साफ पट्टा, काढू. आणि तोवर एकच खोली बांधू, सगळ्यांची मिळून, टिनाची का होईना, पण संडाससकट. आळीपाळीने राहू. मे महिन्यात चार रात्री आणि झडीत चार रात्री राहिल्याशिवाय घराचा नकाशा कोणीही काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना त्या आठ रात्री नको वाटतात त्यांनी पुढची वीस वर्षं तिथे काढायचा विचारच सोडावा. मनीषनगरात लिफ्ट असलेले फ्लॅट चांगले मिळतात, मेडिकलही जवळ. यात कमीपणा काही नाही. आमच्या घरीही अजून हा वाद मिटलेला नाही. मिस्टरांना जंगल हवं आहे आणि मला रात्री एखाद्या दिवसाआड भीती वाटते.

वहिनी, तुम्हाला एक वेगळं विचारायचं आहे. बैठकीत तुम्ही दोघी-तिघी आतल्या खोलीत होतात, सगळं ठरलं ते बाहेर. पाणी किती लागतं, चूल कुठे असावी, दिवसभर एकटं कोण असणार, हे तुम्हाला कोणी विचारलं का? मला वाटतं नाही.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी मोहाखाली असेन. सोबत चुन्याची बादली, ब्रश आणि माझा शिवणाचा टेप आणते. प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर घेऊ, नंबर टाकू, वहीत लिहू. साग किती, मोह किती, काय ठेवायचं, काय परवानगी काढून तोडायचं, ते तिथे उभं राहून ठरवू. खालच्या धुऱ्याच्या शेतकऱ्यालाही बोलावलं आहे. त्याच्या कलमांचं काय करायचं ते सगळ्यांनी मिळून त्याच्या तोंडावर बोलायचं आहे, माझ्या एकटीच्या गळ्यात नको.

बूट घालून या, चपला नको. पिण्याचं पाणी आपापलं आणा. बोअर झालेला नाही.

तुमचीच,
सातबाऱ्यावरचं नववं नाव